दोन तास, पण वर्षभर

दिवाळीच्या आसपास शहरांतून गाड्या निघतात. जव्हार-मोखाड्याचे पाडे, मेळघाट, सातपुड्यातली गावे आणि शहरांतली बालगृहे इथे फराळ, कपडे, वह्या, दप्तरे पोचतात. देणाऱ्यांची भावना खरी असते, पदरचे पैसे खर्च झालेले असतात, सुट्टीचा एक दिवस दिलेला असतो. यातले कितीतरी जण परतताना विचारतात, आम्हाला नियमित काही करायचे आहे, कुठे जाऊ? या प्रश्नाचे उत्तर बहुधा संस्थांची नावे आणि फोन नंबर एवढ्यावरच थांबते. नावे मिळवणे आज अवघड राहिलेले नाही. आपल्या हातातला वेळ आणि समोरच्याची गरज यांची सांगड घालणे मात्र अजूनही अवघड आहे. या लेखाचे सारे म्हणणे या सांगडीविषयी आहे आणि ते सुरुवातीलाच मांडलेले बरे. ज्या कामात मुलाशी नाते जुळते, ते काम किमान वर्षभरासाठी घ्यावे. तेवढे शक्य नसेल, तर नाते न जोडताही उपयोगी पडणारे काम निवडावे, आणि तेही शिस्तीने करावे. हा भेद न पाळल्यामुळे चांगल्या हेतूने दिलेला पुष्कळ वेळ वाया जातो आणि काही वेळा मुलांनाच इजा करतो.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा जुनी आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारवस्त्यांत रात्रशाळा, वाचनालये सुरू झाली. रात्रशाळा म्हणजे दिवसभर गिरणीत राबून आलेल्या माणसाला, तो दमलेला असताना, रोज ठरल्या वेळी दिवा लावून वाट पाहणारा शिक्षक मिळणे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांना पुस्तकात सापडले नाही. मुले गुरे राखायला जातात हे त्यांनी पाहिले आणि शाळाच चराईच्या रानात नेली. त्या कुरणशाळा झाल्या. लहानग्यांसाठी पाड्यावरच्या अंगणात शिकवणे सुरू झाले, ती अंगणवाडी झाली. एका भेटीत हे सुचणारे नव्हते. त्याच वाटेने, त्याच घरांपाशी पुन्हा पुन्हा गेल्यावरच मूल कुठे अडते ते दिसते. अनुताईंनी पुढची सारी वर्षे त्याच परिसराला दिली. एवढा त्याग आज कुणाकडे मागता येणार नाही. पण त्यांच्या कामातले सूत्र लहान प्रमाणातही लागू पडते. मदत कशाची हवी आहे हे कळायला आधी काही काळ तिथे असावे लागते.

हे केवळ श्रद्धेने म्हणायचे कारण नाही, तपासून पाहिलेले पुरावे आहेत. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संघटना एका मुलामागे एक प्रौढ सोबती देते. त्या सोबत्याने नियमित भेटायचे, बोलायचे, फिरायला न्यायचे. १९९५ मध्ये दहा ते सोळा वयाच्या ९५९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोबती मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांकडे वळण्याचे प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आढळले. याच मुलांच्या माहितीचा जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये नात्याच्या मुदतीनुसार पुन्हा विचार केला. ज्यांची सोबत वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकली, त्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला होता. जी सोबत पहिल्या काही महिन्यांतच तुटली, तिथली मुले आधीपेक्षाही खचलेली दिसली. याचा अर्थ उघड आहे. ज्या मुलाला मोठ्या माणसांनी आधीच एकदा सोडून दिले आहे, त्याच्याकडे आणखी एकाने येऊन, जीव लावून, न सांगता निघून जाणे म्हणजे जुन्या जखमेवर नवी जखम. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये अनाथालयांत काही आठवड्यांसाठी येणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांविषयी हाच इशारा दिला होता. अशा संस्थांतली मुले कुणाही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतात. पाहुण्याला ते प्रेम वाटते. प्रत्यक्षात ती टिकाऊ माणूस न मिळाल्याची खूण असते.

आपल्याकडचा पुरावा शिक्षणातून मिळतो आणि तो अधिक गुंतागुंतीचा, म्हणून अधिक उपयोगाचा आहे. मुंबईत 'प्रथम' या संस्थेने पालिका शाळांसाठी बालसखी ही कल्पना राबवली. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि त्यांना वस्तीतल्याच, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या मुलीने वाचन-गणिताची पायाभूत कौशल्ये शिकवायची. या बालसखीला सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन मिळे. मुंबई आणि वडोदरा इथे या उपक्रमाची काटेकोर चाचणी झाली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांचे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात मात्र वेगळेच घडले. तिथे गावातल्या तरुणांनी बिनमोबदला वाचनवर्ग चालवले. जी मुले वर्गाला आली, त्यांची प्रगती लक्षणीय झाली. अक्षरही न ओळखणारी मुले अक्षरे वाचू लागली. पण त्या गावांतली अवघी ८ टक्के मुले वर्गाला आली. ज्यांना काहीच वाचता येत नव्हते, त्यांच्यापैकीही १३ टक्केच आली. म्हणजे स्वयंसेवकाची मेहनत खोटी नव्हती, शाळेबाहेर, शाळेशी न जोडता मांडलेली बैठक अपुरी होती. पुढे हीच पद्धत शाळेच्या वेळात, शाळेच्या आवारात राबवली गेली तेव्हा परिणाम कितीतरी मोठा झाला. नुसते सातत्य पुरत नाही. काम एखाद्या चालू व्यवस्थेला जोडलेले असावे लागते, शिकवायचे काय ते ठरलेले असावे लागते आणि स्वयंसेवकाच्या पाठीशी कुणीतरी जबाबदार माणूस असावा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो. वर्षभराची अट घातली तर नोकरदार, परीक्षांच्या ओझ्याखालचे विद्यार्थी, घर सांभाळणाऱ्या बाया यांनी काही करूच नये का? करावे, आणि त्यांच्यासाठी कामेही पुष्कळ आहेत. फक्त ती ओळखून घ्यावी लागतात. 'असर' या नावाने २००५ पासून देशभर होणारी ग्रामीण शिक्षणाची पाहणी बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. जिल्ह्यातली तीस गावे निवडली जातात, प्रत्येक गावात वीस घरे. स्थानिक महाविद्यालयांतले किंवा संस्थांतले तरुण प्रशिक्षण घेऊन दोघादोघांच्या जोडीने गावात जातात. दारातल्या पायरीवर मुलाशेजारी बसतात, त्याच्यासमोर एक कागद धरतात. त्यावर सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. आधी उतारा वाचायला द्यायचा. मूल अडखळले तर शब्दांकडे उतरायचे, सहज वाचले तर गोष्टीकडे चढायचे. मूल जिथे आत्मविश्वासाने वाचते, ती त्याची पातळी. मुलाला रागवायचे नाही, उत्तर सुचवायचे नाही. जमलेल्या काकू-आजींनी "अरे, येतं की तुला" म्हणून मधे तोंड घातले तरी थांबायचे आणि मुलालाच बोलू द्यायचे. काम अगदी थोड्या दिवसांचे. पण अशा हजारो जोड्यांच्या कामातून २०२४ मध्ये ६०५ जिल्ह्यांतल्या साडेसहा लाखांच्या आसपास मुलांचे चित्र उभे राहिले. ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्क्यांनाच दुसरीचे वाचता येते, हे देशाला त्यातून कळले. इथे मुलाशी नाते जोडण्याचे वचन कुणी देत नाही, म्हणून ते मोडतही नाही.

दुसरे असेच काम म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक होणे. विद्यार्थ्यांच्या भाषेत 'रायटर'. दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्याला तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. एवढा वेळ लेखनिकाने प्रश्न शब्दशः वाचायचा, पर्याय सगळे वाचायचे, विद्यार्थी सांगेल तेच लिहायचे. वाक्य सुधारायचे नाही, विषय माहीत असला तरी आपले ज्ञान मधे आणायचे नाही. आकृतीचे वर्णन करताना घाई करायची नाही. विद्यार्थ्याने आधीचे उत्तर पुन्हा ऐकवायला सांगितले तर न कुरकुरता ऐकवायचे. कुणी लेखनिक व्हावे याचे नियम मंडळागणिक, विद्यापीठागणिक वेगवेगळे असतात आणि ते आधीच विचारून घ्यावे लागतात. या कामात मुख्य अडचण हुशार माणूस मिळण्याची नसते, ठरलेल्या सकाळी तो हजर राहण्याची असते. आदल्या रात्री आलेला "उद्या जमणार नाही" हा निरोप त्या विद्यार्थ्याचे वर्ष धोक्यात आणू शकतो. अल्प मुदतीच्या कामाला नात्याची गरज नसली तरी शब्दाला जागण्याची गरज दुप्पट असते.

तरुणांसाठी तर एक संधी महाविद्यालयातच आहे. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर अशी तिची घडण आहे. १२० तास वर्षभरात वाटले तर आठवड्याला दोन-सव्वादोन तास होतात. म्हणजे या लेखात मागितलेले सातत्य सरकारी योजनेच्या पायातच आहे. व्यवहारात हे तास बहुतेक ठिकाणी प्रभातफेरी, स्वच्छता अभियान, पथनाट्य, पाहुण्यांचे व्याख्यान यांत सुट्टे होऊन संपतात. कार्यक्रम अधिकारी स्वतः शिकवणारा प्राध्यापक असतो, त्याला अहवालात कार्यक्रमांची संख्या दाखवायची असते आणि आठवड्यामागे दोन तास एका शाळेत देणे ही गोष्ट फोटोत दिसत नाही. एका महाविद्यालयाच्या शंभर स्वयंसेवकांनी जवळच्या दोन-तीन पालिका किंवा जिल्हा परिषद शाळा धरल्या, शिक्षकांशी बोलून वाचनात मागे पडलेली मुले निवडली आणि दर शनिवारी तीच मुले, तेच स्वयंसेवक असा नेम धरला, तर नवी योजना, नवा निधी, नवा शासननिर्णय यातले काहीच लागणार नाही. विद्यार्थी सवलतीच्या गुणांसाठी येतात, असे यावर म्हटले जाते. येऊ देत. गुणांसाठी आलेला विद्यार्थी एका मुलाला वर्षभरात वाचायला शिकवत असेल तर त्या मुलाच्या दृष्टीने त्याचा हेतू गौण आहे.

शिबिरांचे काय, हा पुढचा आणि वजनदार आक्षेप. बाबा आमटे यांनी सोमनाथला १९६७ पासून सुरू केलेल्या श्रमसंस्कार शिबिराने पिढ्यान्‌पिढ्या तरुण घडवले. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या 'भारत जोडो' सायकल यात्रेने अनेकांची आयुष्ये बदलली. मग थोड्या दिवसांच्या सहभागाला कमी का लेखायचे? कमी लेखायचे नाहीच. पण शिबिर कोणासाठी असते हे स्वच्छ ओळखायला हवे. शिबिर हे शिबिरार्थीचे शिक्षण आहे. सोमनाथच्या शेतात घाम गाळणारा तरुण जमिनीला काही देतो, त्याहून अधिक घेऊन परततो. तिथे कुदळीखाली माती असते, मुलाचे मन नसते, म्हणून आठवड्याने निघून जाण्यात कुणाचा विश्वासघात होत नाही. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत शहरांतले 'जलमित्र' १ मे रोजी श्रमदानाला गेले, तेही याच कारणाने योग्य होते. त्यांचा एक दिवस गावकऱ्यांनी स्वतः पंचेचाळीस दिवस उपसलेल्या कष्टांवर उभा होता. अभय बंग यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेला 'निर्माण' उपक्रमही शिबिरांतून तरुणांना विचार करायला लावतो, पण शिबिर हा शेवट मानत नाही. पुढे प्रत्यक्ष प्रश्नावर काम करण्याकडे त्यांना नेतो. शिबिराने वृत्ती तयार होते. ती वृत्ती आठवड्याच्या दोन तासांत उतरली नाही, तर शिबिराची आठवण तेवढी उरते.

सर्वांत गंभीर आक्षेप राजकीय आहे आणि तो टाळून चालणार नाही. शिक्षण हा २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांचा हक्क आहे, तो पुरवणे शासनाचे काम. रिकाम्या जागा भरायच्या सोडून स्वयंसेवकांवर भागवले तर सरकारला मोकळीक मिळत नाही का? हा धोका कल्पनेतला नाही. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांना आपण आजही 'मानधना'वर ठेवले आहे. त्यांच्या कामावर बालकांचे पोषण आणि लसीकरण उभे आहे, तरी हक्काच्या गोष्टींसाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागते. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. सेवा या शब्दाच्या आड गरीब बाईची मजुरी बुडवणे हे स्वयंसेवेचे विडंबन आहे. म्हणून एक मर्यादा घट्ट आखावी. जिथे पगारी माणूस असायला हवा, तिथे स्वयंसेवकाने त्याची जागा घेऊ नये. त्याला हातभार लावावा, आणि जागा रिकामी असेल तर ती भरण्याची मागणी करणाऱ्यांत उभे राहावे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या शिकलेल्या होत्या, देखरेखीखाली होत्या आणि त्यांना मोबदला होता. तिथला नवजात मृत्यूदर तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी घटला, १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये घरोघरच्या नवजात सेवेचे काम राष्ट्रीय पातळीवर आशांकडे आले. नागरिकांचे काम शासनाची जागा घेण्यासाठी नसते, हे त्याचे उत्तम उदाहरण. करून दाखवावे, मोजून दाखवावे आणि मग शासनाला ते स्वीकारायला लावावे. पालकांना शाळा व्यवस्थापन समितीत बोलते करणे हीदेखील स्वयंसेवाच आहे आणि तिच्यातून शासनाला सूट मिळत नाही, त्याच्यावर लक्ष राहते.

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र आक्षेप म्हणून नव्हे, अट म्हणून घ्यावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने बालगृहांतल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. फराळाचे ताट हातात दिलेल्या मुलाचा चेहरा मोबाइलवरून सर्वत्र फिरवणे अशोभनीय तर आहेच, बालगृहातले मूल असेल तर बेकायदाही आहे. म्हणून स्वयंसेवकाने संस्था पारखावी आणि संस्थेने स्वयंसेवकाला. ओळखपत्र मागणारी, पत्ता पडताळणारी, मुलाशी एकट्याने बंद खोलीत बसू न देणारी, फोटोंवर बंदी घालणारी संस्था काहींना कटकटीची वाटते. खरे तर विश्वास अशाच संस्थेवर ठेवावा. पहिल्याच दिवशी, काही न विचारता, कुणालाही मुलांमध्ये सोडणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे.

आणखी एक गोष्ट आपल्या विचारातून सुटते. वस्तीतले, गावातले तरुण म्हणजे मदत घेणारे आणि शहरी मध्यमवर्ग म्हणजे देणारा, अशी वाटणी आपण मनात केलेली असते. प्रत्यक्षात बालसखी वस्तीतल्या मुली होत्या, आरोग्यदूत गावातल्या बाया होत्या, जौनपूरचे स्वयंसेवक तिथलेच तरुण होते. साने गुरुजी आणि एस. एम. जोशी यांच्यासारख्यांनी १९४१ मध्ये उभारलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत वस्तीतली मुलेच पुढे शाखा चालवू लागत. बाहेरून येणाऱ्याने आपण कायमचे लागू, अशी रचना करू नये. त्या वस्तीतली दोन-चार दहावी-बारावीची मुले हाताशी धरावीत, त्यांना शिकवायला शिकवावे, आणि वर्षअखेरीस वर्ग त्यांच्या हाती द्यावा. असे झाले तर वर्षभराची मुदत पुरेशी ठरते.

मग संधी शोधायची कुठे? सर्वांत जवळ. घरापासून चालत किंवा एका बसने जाता येईल अशी पालिकेची शाळा, अंध किंवा मूकबधिर मुलांची विशेष शाळा, वस्तीतली अभ्यासिका, बांधकामाच्या जागेवरच्या मुलांना शिकवणारी एखादी संस्था. राज्यात दहा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि त्यातली कितीतरी संध्याकाळी रिकामी असतात. तिथे मुलांचा वाचनकट्टा चालवायला परवानगी मिळवणे फार कठीण नसते. दूरच्या पाड्यावर वर्षातून दोनदा जाण्यापेक्षा जवळच्या शाळेत चाळीस वेळा जाणे मुलाच्या अधिक कामाचे. संस्थेत गेल्यावर आपल्याला काय येते हे सांगण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : हे काम मी सोडले तर कुणाचे काय अडेल, मला कोण शिकवणार, आणि चुकलो तर मला कोण सांगणार. उत्तरे मिळाली नाहीत तर ती संस्था अजून स्वयंसेवक घ्यायला तयार नाही असे समजावे. संस्थांनीही हे ऐकायला हवे. स्वयंसेवक फुकट असतो हा गैरसमज आहे. त्याला शिकवायला, जोडून ठेवायला, त्याच्या गैरहजेरीची सोय करायला एक पूर्णवेळ माणूस लागतो आणि देणगीदारांनी त्या माणसाच्या पगाराला देणगी द्यायला शिकले पाहिजे.

शेवटी मुदतीविषयी. "जमेल तोवर येईन" हे वचन मोघम आहे आणि मुलांवर त्याचा भार पडतो. जूनमध्ये यावे, मुलांना सांगावे की मी एप्रिलपर्यंत दर शनिवारी येणार आहे, आणि एप्रिलमध्ये त्यांचा निरोप घेऊनच थांबावे. पुढच्या वर्षी यायचे असेल तर नव्याने सांगावे. माणसे येतात, बोलल्याप्रमाणे वागतात आणि जाताना सांगून जातात, हे मुलाला एकदा अनुभवाने कळले की त्याचा पुढच्या शिक्षकावर, पुढच्या मित्रावर आणि स्वतःवरही विश्वास बसू लागतो. वाचन-गणिताइतकीच ही शिकवणही मोलाची आहे, आणि ती देण्यासाठी पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. आठवड्याचे दोन तास आणि दिलेला शब्द पाळण्याची तयारी, एवढेच लागते.